किनाऱ्यावरचे दिवे

शास्त्रपाठ : स्तोत्र ६८:५, मत्तय ५:१४-१६, याकोब १:२७



मंडळीतला एखादा तरुण बाप देवाघरी जातो, आणि तो जर पेटी वाजवणारा, गीत उचलणारा असेल, तर पुढच्या रविवारी त्याची उणीव सर्व मंडळीला ऐकू येते. पेटीवरचे कापड तसेच असते. गीत कोणत्या पट्टीत धरावे हे कोणाला उमगत नाही. कोणी तरी धीर करून फार वर धरतो आणि दुसऱ्या कडव्याला सर्वांचा आवाज अडखळतो. बाकावर त्याची पत्नी बसलेली असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना लेकरे. आम्ही असे रविवार पाहिले आहेत. आपणही पाहिले असतील.

अशा वेळी सांत्वनाला जाणारे आपण काय बोलतो? 'देवाला स्वर्गात एक चांगला गाणारा पाहिजे होता, म्हणून त्याने नेला,' असे कोणी म्हणतो. आम्हीही हे वाक्य बोललो आहोत, आणि बोलून झाल्यावर त्या लहान मुलाच्या चेहऱ्याकडे पाहण्याचा धीर आम्हांला झाला नाही. ज्या देवाच्या दूतांच्या गायनाला अंत नाही, त्याला गाण्यासाठी आमच्याच बाबांची गरज का पडावी, हा त्या मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे.

म्हणून आज आपण अशाच एका तरुण बापाची, गायकाची आठवण करणार आहोत. तो आपल्या देशाचा नव्हे, अमेरिकेचा. परंतु त्याच्या चाली मिशनरींच्या पेटाऱ्यांतून आणि सँकी यांच्या गीतसंग्रहातून दूरदूरच्या देशांतील मंडळ्यांत पोचल्या. त्याचे नाव फिलिप पॉल ब्लिस. वयाच्या ३८ व्या वर्षी तो गेला. त्याच्या मागे दोन लहान मुलगे राहिले.

फिलिपचा जन्म ९ जुलै १८३८ रोजी पेनसिल्व्हेनिया प्रांतात, ओंडक्यांच्या घरात झाला. घरी गरिबी होती, पण बाप देवभीरू आणि गाण्याचा शौकीन होता. पोराला प्रार्थना आणि गाणे दोन्ही बापाकडून मिळाले. शिकण्यासाठी वाद्य मात्र नव्हते. फिलिप दहा वर्षांचा असताना भाजी विकायला गावात गेला होता. एका घरातून त्याने न ऐकलेला गोड आवाज येत होता. तो पियानोचा आवाज होता. पोर भान विसरले आणि अनवाणी पायांनी थेट आत शिरले. वाजवणाऱ्या बाई थांबल्या तेव्हा त्याने आणखी वाजवा म्हणून विनवणी केली. बाईंनी ते धुळीचे पाय पाहिले आणि त्याला घराबाहेर काढले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, येथे क्षणभर थांबा. त्या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना त्यांची स्वच्छ जमीन जपायची होती. दारात कोण उभे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. आपल्या वर्गात उशिरा येणारा, नाक न पुसलेला, पेटीच्या पट्ट्या उगाच दाबून पाहणारा मुलगा कोण आहे, हे तरी आपल्याला कोठे ठाऊक असते?

अकराव्या वर्षी फिलिप पोटासाठी घर सोडून शेतावर आणि लाकूड तोडणाऱ्यांच्या तळावर कामाला लागला. बाराव्या वर्षी त्याने मंडळीपुढे आपला विश्वास प्रगट केला. पुढे तो शाळामास्तर झाला, आणि १ जून १८५९ रोजी त्याचा लूसी यंग हिच्याशी विवाह झाला. पुढच्या वर्षी तो एक घोडी आणि घडी घालून नेता येणारी भात्याची पेटी घेऊन गावोगाव गायन शिकवीत फिरू लागला. आपल्या मंदिरांतील हार्मोनियम त्या पेटीच्याच कुळातली. वाऱ्याने पातळ पट्ट्या वाजतात, हे तत्त्व दोहोंचे एकच.

त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क प्रांतात जिनिसिओ येथे संगीताचा वर्ग भरणार होता. फिलिपला जायचे होते, पण त्यासाठी ३० डॉलर हवे होते, आणि घरात ते नव्हते. तरणाताठा नवरा निराश होऊन पडून राहिला. लूसीच्या आजीने कारण विचारले. मग म्हातारीने आपला एक जुना पायमोजा आणला. त्यात ती वर्षानुवर्षे नाणी टाकीत आली होती. मोजून पाहिले तर गरजेहून थोडे अधिकच निघाले. ब्लिस त्या वर्गाला गेले, आणि पुढचे सर्व तेथून सुरू झाले.

एका बाईने दार लावले आणि एका आजीने मोजा उघडला. प्रभूच्या राज्यातील पुष्कळशी कामे अशाच ठिकाणी ठरतात. व्यासपीठावर ती ठरत नाहीत.

पुढे ब्लिस शिकागोला आले. तेथे एका मंडळीत ते गायनवृंदाचे पुढारी आणि शब्बाथशाळेचे अधीक्षक होते. १८६९ साली सुवार्तिक मूडी यांची एक सभा चालू असताना ब्लिस बाहेरच्या घोळक्यात उभे राहून गाऊ लागले. तो भरदार आवाज मूडींच्या कानी पडला, आणि तेथून त्यांची ओळख झाली. १८७४ च्या मार्च महिन्यात मेजर व्हिटल यांच्याबरोबर वॉकिगन गावी काही सभा घेतल्यावर ब्लिस यांनी गायनवर्गांचे उत्पन्न सोडून सर्व वेळ सुवार्ताकार्याला देण्याचा निश्चय केला. १८७५ साली सँकी यांच्याबरोबर त्यांनी काढलेला गीतसंग्रह अफाट खपला. त्यातील आपल्या वाट्याची मिळकत त्यांनी सुवार्ताकार्यास देऊन टाकली. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे कारण पडणार आहे.

आता त्यांच्या एका गीताची हकिगत सांगतो. अमेरिकेत ईरी नावाचे समुद्रासारखे विशाल सरोवर आहे. त्याच्या काठी क्लीव्हलंड बंदर आहे. मूडी आपल्या भाषणात एक गोष्ट सांगत. तुफानाच्या काळ्या रात्री एक जहाज त्या बंदरात शिरत होते. उंचावरच्या दीपस्तंभाचा दिवा स्वच्छ दिसत होता. पण बंदरात शिरण्यासाठी तेवढा दिवा पुरत नाही. खाली किनाऱ्यालगत दुसरे लहान दिवे असतात. वरचा दिवा आणि खालचे दिवे एका रेषेत आले म्हणजे नावाड्याला खोल पाण्याची वाट कळते. त्या रात्री खालचे दिवे विझले होते. कप्तानाने विचारले, तांडेलाने शर्थ केली, पण वाट चुकली. जहाज फुटले आणि माणसे बुडाली. गोष्ट संपवून मूडी म्हणत की मोठ्या दीपस्तंभाची काळजी स्वामी घेईल; खालचे दिवे जळते ठेवणे हे आपले काम आहे. ब्लिस यांनी ती गोष्ट ऐकली आणि १८७१ साली तिच्यावर गीत रचून चाल बांधली. गोव्यातील वाचकांनी मांडवीच्या मुखाशी आग्वादचा दीपस्तंभ पाहिला असेल. त्यांना या गीताचा अर्थ निराळा समजावून सांगायला नको.

१८७६ साली त्यांनी आणखी एक चाल बांधली. शिकागोचे वकील होरेशिओ स्पॅफर्ड यांच्या चार मुली १८७३ च्या नोव्हेंबरात आगबोटीच्या अपघातात बुडाल्या होत्या. त्या दुःखातून स्पॅफर्ड यांनी जे गीत लिहिले, त्याला ब्लिस यांनी स्वर दिले. दुसऱ्या बापाचे दुःख या बापाने आपल्या गळ्यात घेतले. आपल्यापुढे काय आहे, याची त्यांना कल्पना नव्हती.

त्या वर्षीचा नाताळ ब्लिस पतिपत्नींनी पेनसिल्व्हेनियातील रोम नावाच्या आपल्या गावी, आईच्या आणि बहिणीच्या सहवासात घालवला. शिकागोला रविवारी, ३१ डिसेंबरला, मूडींच्या सभागृहात गाण्यासाठी त्यांना जायचे होते. लहान मुलांना हिवाळ्यात इतका प्रवास नको म्हणून त्यांना नातलगांजवळ ठेवून दोघे आगगाडीने निघाले. वाटेत एक इंजिन बिघडल्याने उशीर झाला. २९ डिसेंबरच्या रात्री बर्फाचे वादळ सुटले होते. ओहायो प्रांतात ॲश्टाबुला येथे गाडी पुलावर आली. हे गाव त्याच ईरी सरोवराच्या काठी आहे. दोन इंजिनांपैकी पुढचे पलीकडे पोचले आणि लोखंडी पूल मागून कोसळला. सर्व डबे सुमारे ७० फूट खाली नदीत पडले. डब्यांत ऊब देण्यासाठी पेटलेल्या शेगड्या होत्या. त्यांनी लाकडी डबे धडाधडा पेटले. गाडीत सुमारे १६० माणसे होती, त्यांतील ९२ मृत्यू पावली. ब्लिस स्वतः बाहेर पडले होते, पण पत्नी आत अडकली म्हणून परत आगीत शिरले, असे तेव्हापासून सांगितले जाते. दोघांचीही ओळख पटेल असे काही हाती लागले नाही. ओळख न पटलेल्यांना त्याच गावी मूठमाती देण्यात आली.

बंधुभगिनींनो, येथे आपण घाईने 'देवाची इच्छा' असे म्हणू नये. पुढे चौकशी झाली तेव्हा पंचांनी दोष कोठे ठेवला ते पहा. पुलाची रचना सदोष होती. ११ वर्षे त्यावरून गाड्या जात होत्या, पण त्याची नीट तपासणी झाली नव्हती. गाडी रुळावरून घसरली तर आपोआप विझतील अशा शेगड्या डब्यांत असायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. गावातील बंब येऊन उभे राहिले, पण हुकूम कोणी द्यायचा या गोंधळात आगीवर पाणी पडले नाही. एवढ्यावर भागले नाही. जखमींचे खिसे कापणारेही त्या रात्री तेथे होते. हे सर्व माणसांचे काम आहे. खालचे दिवे विझले होते. ते विझवल्याचा दोष आपण वरच्या दिव्यावर का ठेवावा?

लाजराच्या कबरेशी प्रभू येशू आला तेव्हा, लाजर थोड्याच वेळात उठणार हे ठाऊक असूनही, तो रडला. योहानाच्या अकराव्या अध्यायात हे आपण वाचतो. मरिया आणि मार्था यांना त्याने 'देवाला तुमचा भाऊ पाहिजे होता' असे सांगितले नाही. ज्याने मरणाला जिंकले त्याने मरणाचे कौतुक केले नाही, मग आपण ते का करावे? पुनरुत्थानाची आशा अश्रू पुसते. पण रडू नका असा हुकूम ती सोडत नाही.

आता त्या दोन लेकरांकडे येऊ. थोरला तेव्हा चार वर्षांचा होता, धाकटा त्याहून लहान. आईबाप निघताना ज्या घरात हसत खेळत होते, त्याच घरात ती पोरकी झाली. ज्या बापाने गीतांचे उत्पन्न प्रभूच्या कामाला वाहिले, त्याच्या मुलांचा हिशेब कोणी ठेवायचा? अडुसष्टाव्या स्तोत्राचा कर्ता सांगतो की पवित्र ठिकाणी वसणारा देव स्वतः पोरक्यांचा बाप होतो आणि विधवांची बाजू घेतो. तो उंचावरचा दिवा. तो कधी विझत नाही. पण याकोब आपल्या पत्रात तीच गोष्ट खाली किनाऱ्यावर आणतो. खरी, डाग नसलेली भक्ती कोणती, तर अनाथांच्या आणि विधवांच्या दुःखात त्यांच्या घरी जाणे आणि स्वतःला जगाच्या मळापासून जपणे, असे तो शिकवितो. देव बाप होतो. पण त्याचे हात तो आपल्याकडून मागून घेतो.

ती मुले नातलगांच्या आधाराने वाढली, आणि थोरला पुढे बापासारखाच संगीतकार झाला. कोणी तरी त्याला जेवू घातले, शाळेत धाडले, आणि पेटीजवळ बसू दिले, म्हणूनच ना? मूडींनी शब्बाथशाळांना हाक दिली, तेव्हा अमेरिकेतील आणि इंग्लंडमधील मुलांनी आपले पैसे जमवून पाठवले. त्यातून १८७७ साली रोम गावी ब्लिस यांचे स्मारक उभे राहिले. त्या आजीच्या मोज्यातील नाण्यांपासून सुरू झालेली कहाणी मुलांच्या मुठीतील नाण्यांपाशी आली. ब्लिस यांचे काम जेम्स मॅकग्रॅनहन यांनी हाती घेतले आणि ते मेजर व्हिटल यांच्याबरोबर गाऊ लागले. ब्लिस यांची पेटी गाडीच्या पुढे शिकागोला पोचली होती. तिच्यात तारणाऱ्याविषयीच्या एका नव्या गीताचे शब्द सापडले. त्यांना मॅकग्रॅनहन यांनी चाल बांधली. एकाने शब्द लिहिले, दुसऱ्याने स्वर दिले; गीत पुरे झाले. मंडळी म्हणजे हेच ना?

मग आपल्या मंडळ्यांचे काय? आपण बेळगावात असू, इंदूरला, बडोद्याला, हैदराबादेत किंवा ग्वाल्हेरला असू. आपल्या मराठी मंडळ्या लहान आहेत, सर्व एकमेकांना ओळखतात. तरुण बाप गेला तर मिट्टीला सर्व गाव लोटतो. पहिला महिनाभर त्या घरी चहा करायला हात पुरत नाहीत. चाळिसाव्या दिवसानंतर गर्दी ओसरते. वर्ष झाले की त्या घरी कोण गेले होते, हे आठवावे लागते. आम्ही हे दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमच्या स्वतःच्या पायांनी किती उंबरठे ओलांडले, हे मोजायला बसलो तर आमचीच मान खाली जाते.

म्हणून थोड्या कामाच्या गोष्टी सांगतो. मंडळीच्या वडिलांनो, त्या भगिनीला पेन्शनच्या, प्रॉव्हिडंट फंडाच्या, बँकेच्या कागदांसाठी कचेऱ्यांत एकटीला हेलपाटे घालू देऊ नका. कागद समजणारा एक जण बरोबर द्या. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी फी आणि पुस्तके यांची विचारपूस करा, पण चारचौघांत करू नका. भगिनींनो, वर्षश्राद्ध आपण करीत नसलो तरी त्या तारखेला तिच्या घरी जा. पहिल्या नाताळाला, त्याच्या वाढदिवसाला जा. काही बोलायला सुचले नाही तरी चालेल. भाजी निवडायला बसा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, तुमच्या वाट्याला अधिक नाजूक काम आले आहे. त्या मुलासमोर त्याच्या बापाचे नाव टाळू नका. 'तुझे बाबा हे गीत या ठिकाणी जरा थांबून म्हणत,' असे सांगा. मूल ते आयुष्यभर जपून ठेवील. त्याने विचारले की देवाने असे का केले, तर ठरीव उत्तर देऊ नका. 'आम्हांला ठाऊक नाही, पण येशूसुद्धा मित्रासाठी रडला होता,' असे म्हणा. हे उत्तर खरे आहे आणि पुरेसे आहे. आणि एखाद्या रविवारी उपासना संपल्यावर ते मूल पेटीजवळ घुटमळू लागले, तर पाय धुळीने भरलेले असले तरी त्याला हाकलू नका. कापड काढा. भाता मारून द्या. त्याचे बोट एका पट्टीवर ठेवा.

बंधुभगिनींनो, ॲश्टाबुलाच्या कबरस्तानात १८९५ साली त्या ओळख न पटलेल्यांसाठी स्तंभ उभारला गेला. त्यावर ब्लिस यांचेही नाव आहे. दगड चांगला, तो असावा. पण गाणाऱ्या बापाची खरी आठवण दगडात राहत नाही. त्याचे गीत मंडळीने सोडले नाही आणि त्याची लेकरे मंडळीने सोडली नाहीत, म्हणजे ती राहते. यांपैकी एकच केले तर आठवण अर्धी राहते. बापाचे गीत मोठ्याने म्हणायचे आणि त्याच्या मुलाच्या फाटक्या चपलांकडे पाहायचे नाही, असे गायन देवाच्या कानी गोड लागेल असे आम्हांला वाटत नाही.

प्रभू म्हणतो की आपण जगाचा प्रकाश आहोत, आणि दिवा लावून तो मापाखाली झाकून ठेवण्यासाठी नसतो. आपला दिवा लहान असेल. आजीच्या मोज्यातील नाण्यांएवढाच असेल. पण तुफानात वाट शोधणाऱ्या एखाद्या घराला खोल पाणी कोठे आहे हे कळण्यासाठी तो तेथे, त्याच्या ठिकाणी, जळत असावा लागतो. या आठवड्यात आपल्या मंडळीतील असे एक घर आठवा आणि तेथे जा.

प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, जे तरुण बाप गीत अर्धे ठेवून तुझ्याकडे आले त्यांच्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो, आणि त्यांच्यासाठी रडतोही. त्यांच्या लेकरांचा तू बाप आहेस. आम्हांला त्यांचे काका-काकू, मामा-मामी, आजी-आजोबा कर. आमच्या हातून विझलेले दिवे तू पुन्हा पेटव, आणि तुझ्या पुत्राच्या येण्यापर्यंत ते जळते ठेव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.